तासगावच्या द्राक्षांची चुर्चखेला

जॉर्जियाच्या पूर्वेकडील काखेती प्रांतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी सुरू झाली, की रसाला दोन वाटा फुटतात. बराचसा रस वाइनसाठी क्वेव्रीत, म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात जातो. या पद्धतीची युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. काही रस घरात आटवला जातो आणि पीठ घालून घट्ट केलेल्या त्या रसाचा लेप अक्रोडाच्या माळेवर चढवून चुर्चखेला हा गोड पदार्थ होतो. बेदाण्याचे शेड ज्यांच्या परिचयाचे आहे, त्या सांगलीकरांना तो परका वाटणार नाही.

मार्चमधील पूर्ण पिकलेली तीन किलो द्राक्षे घ्यावीत. बागेत फवारणी झालेली असतेच, म्हणून ती वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवावीत. नंतर कुस्करून रस फडक्यातून गाळावा. साखर मुळीच घालू नये, कारण आपली द्राक्षे आधीच पुरेशी गोड असतात.

अक्रोडाचे अर्धे गर तासभर कोमट पाण्यात भिजवावेत, म्हणजे ओवताना फुटत नाहीत. जाड सुती दोऱ्याच्या टोकाला घट्ट गाठ मारून वीतभर लांबीची माळ ओवावी, वर टांगण्यापुरता दोरा सोडावा आणि माळ कोरडी होऊ द्यावी. पश्चिम जॉर्जियात अक्रोडाऐवजी हेझलनट वापरतात.

दोन लिटर रस जाड बुडाच्या पातेल्यात, वरचा फेस काढत, दीड लिटर होईपर्यंत आटवावा आणि पूर्ण थंड करावा. गरम रसात पीठ टाकले तर गुठळ्या होतात आणि त्या पुढे मोडता मोडत नाहीत. थंड रसात सुमारे दोनशे ग्रॅम मैदा कालवून, गाळून, मंद आचेवर सतत ढवळत राहावे. कच्च्या पिठाचा वास गेला, मिश्रणाला चकाकी आली आणि ते पळीवरून धारेने न पडता जाड पट्टीसारखे ओघळू लागले, की ते तयार झाले. पूर्व जॉर्जियात याला तातारा म्हणतात.

गरम मिश्रणात माळ बुडवून, पळीने वरून लेप देऊन ती काठीला टांगावी. दोन-तीन तासांनी थर सुकला, की उरलेले मिश्रण पुन्हा गरम करून दुसरा लेप द्यावा. नंतर माळा हवेशीर जागी, पातळ कापडाखाली, आठवडाभर वाळवाव्यात. बोटाला चिकटेनाशी झाली, पण दाबल्यावर किंचित लवली, की माळ उतरवावी.

सुती कापडात गुंडाळून ठेवल्यावर काही आठवड्यांनी तिच्यावर पांढरी भुकटी दिसू लागते. ती द्राक्षातलीच साखर असते. मात्र पांढरे केसाळ ठिपके दिसले, तर ती बुरशी समजून माळ टाकून द्यावी. खाताना आधी दोरा ओढून काढावा आणि आडव्या चकत्या कापाव्यात.