साठ पानांचा कॅट: रविवारच्या रॉ डीलआधीची तयारी

चवथीचा गणपती पोचवून झाला, गणपतीवर फळं-पानं बांधलेली माटोळी सोडून तिची चौकट माळ्यावर गेली, की त्यानंतरचा रविवार आमच्या फोंड्याच्या घरी ठरलेला असतो. मडगावहून दोघं येतात, म्हापशाहून एक, साखळीची मंडळी जमेल तशी. दिवसभर बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, रॉ डील चालतो, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांवरचा पत्त्यांचा खेळ. यंदा तिघं जण पहिल्यांदाच स्वतःचा कॅट बांधून आणणार आहेत. ही तयारीची यादी मुख्यतः त्यांच्यासाठी.

शाळेत आपण डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं खेळायचो. उंची, वजन, छाती, रँक, ज्याचा आकडा सरस त्याने पान उचलायचं. ती सवय आधी बाजूला ठेवा. कॉमिक इमेजेस या अमेरिकी कंपनीने 2000 साली काढलेल्या रॉ डीलमध्ये मोठा आकडा हातात असून भागत नाही, तो टाकण्याइतपत ताकद रिंगमध्ये, म्हणजे आपल्यासमोर खेळलेल्या पानांत, आधी जमवावी लागते. शिवाय तुमची गड्डी हाच तुमचा दम. प्रतिस्पर्ध्याचा डाव, म्हणजे माराचं पान, पाच डॅमेजचा बसला तर गड्डीच्या वरची पाच पानं एकेक करून उलटायची आणि रिंगसाइडला, म्हणजे बाद पानांच्या ढिगात, टाकायची. उलटायला पान उरलं नाही की तुम्ही चितपट. म्हणून कॅटमध्ये जाणाऱ्या प्रत्येक पानाला मी दोन प्रश्न विचारतो: हातात आलं तर काय करेल, आणि मार खाताना उलटलं तर काय करेल? दोन्हींचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर ते पान कितीही देखणं असो, डब्यात परत.

सुरुवात सुपरस्टारच्या, म्हणजे तुम्ही ज्याच्या नावाने खेळता त्या पैलवानाच्या, कार्डापासून करा, कारण ते साठ पानांत धरत नाहीत आणि बाकी सगळं त्यावरून ठरतं. त्यावरचे दोन आकडे पाहा. एक सुरुवातीला किती पानं घ्यायची ते सांगतो, दुसरा पहिली पाळी कोणाची ते, ज्याचा मोठा तो आधी खेळतो. पहिल्या संचातला ट्रिपल एच दहा पानं घेऊन बसतो, पण त्याला खास कसब काहीच नाही. मॅनकाइंडच्या हातात सुरुवातीला फक्त दोन पानं, मात्र प्रत्येक पाळीला तो दोन ओढतो आणि त्याला बसणारा प्रत्येक डाव एका डॅमेजने हलका होतो. अंडरटेकर हातातली दोन पानं टाकून रिंगसाइडमधलं हवं ते एक पान परत उचलतो. या तिघांसाठी एकच साठ पानं चालतील असं समजू नका. अंडरटेकर घेतलात तर टाकायला परवडतील अशी हलकी पानं भरपूर हवीत. मॅनकाइंड घेतलात तर पहिल्या दोन पाळ्या जवळजवळ रिकाम्या हाताने काढायची तयारी हवी. नवख्यांना मी स्टोन कोल्ड सुचवेन. सात पानांचा हात, आणि पाळीला एक पान जास्तीचं ओढून नको असलेलं गड्डीच्या तळाशी सरकवता येतं. बांधणीतली चूक तो बरीचशी पोटात घालतो.

मग हलके डाव मोजा. रिंगमध्ये उतरलेल्या तुमच्या पानांच्या डॅमेजची बेरीज म्हणजे फॉर्टिट्यूड, आणि मॅचच्या सुरुवातीला ती शून्य असते. म्हणजे पहिल्या पाळीला शून्य फॉर्टिट्यूडचेच डाव टाकता येतात. मी पहिला कॅट बांधला तेव्हा असे डाव जेमतेम सहा ठेवले होते, कारण बाकीची जागा मला आवडणाऱ्या जड फेकींनी खाल्ली होती. समोर केन होता. तो प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तुमच्या गड्डीचं वरचं पान काहीही न टाकता रिंगसाइडला पाठवतो. तीन पाळ्या मी हातात सहा-सात जबरदस्त पानं धरून बसलो आणि त्यातलं एकही टाकता आलं नाही. नंतर हिशेब केला. साठात सहा हलके डाव असतील तर सात पानांच्या पहिल्या हातात एकही न येण्याची शक्यता सुमारे 46 टक्के. बारा असतील तर ती 19 टक्क्यांवर येते. मी आता चौदाच्या खाली जात नाही. एका नावाची जास्तीत जास्त तीन पानं चालतात, त्यामुळे चौदा भरायला पाच वेगवेगळे डाव लागतील. ते शोधायला वेळ ठेवा. तीन प्रती घातल्या तरी ते पान पहिल्या सातात दिसण्याची शक्यता 32 टक्क्यांच्या आतच आहे, म्हणून एकाच पानावर सगळी भिस्त ठेवू नका.

हलक्यांच्या वर मधल्या वजनाचे डाव शिडीसारखे लावा. एक पायरी गाळली की तिथे अडकाल. सगळ्यात वरचा, सुपरस्टारचा स्वतःचा फिनिशर म्हणजे मॅच संपवणारा खास डाव, एक किंवा फार तर दोन.

आता रिव्हर्सल. अर्धी संध्याकाळ यालाच द्या. कुस्तीच्या आखाड्यात प्रत्येक डावाला प्रतिडाव असतो, तसंच इथे. स्टेप असाइड स्ट्राइकला (ठोसा-लाथ) तोडतं, एस्केप मूव्ह ग्रॅपलला (पकडून फेकणं), ब्रेक द होल्ड सबमिशनला (आवळून धरणं). हातातून तर ती टाकता येतातच, पण खरी गंमत वेगळी आहे. मार खाताना पानं उलटत असता मधेच चालणारं रिव्हर्सल निघालं आणि त्यापुरतं फॉर्टिट्यूड तुमच्याकडे असलं, तर उरलेला मार तिथेच थांबतो आणि समोरच्याची पाळी संपते. उलटल्यावरही काम करणारं पान ते हेच. पण नुसती संख्या मोजून फसू नका. समजा साठात पंधरा रिव्हर्सल आहेत आणि ती तिन्ही प्रकारांत पाच-पाच वाटली आहेत. समोरून पाच डॅमेजचा स्ट्राइक आला, तर पाच पानांत उपयोगी रिव्हर्सल निघण्याची शक्यता 36 टक्के. तीच पंधरा कोणत्याही डावाला चालणारी असती तर 77 टक्क्यांच्या वर. म्हणून एल्बो टू द फेससारखी, सात डॅमेजपर्यंतचा कोणताही डाव तोडणारी पानं आधी तीन-तीन भरा. मॅनेजर इंटरफिअर्सही तसंच, ते हातातून टाकलंत तर वर एक पान ओढायला मिळतं. मगच उरलेल्या जागा एका प्रकारापुरत्या रिव्हर्सलना द्या, आणि त्या देताना रविवारी येणाऱ्यांचे चेहरे आठवा. म्हापशाचा गडी सबमिशनशिवाय खेळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यासाठी ब्रेक द होल्ड तीन. बाकी कोणी ते प्रकरण करत नाही, त्यामुळे सबमिशन तोडणारं दुसरं पान नकोच. एकूण सोळा ते अठरा रिव्हर्सलवर थांबा. त्याहून पुढे गेलात तर मारायला काही उरत नाही.

अ‍ॅक्शनची पानं, म्हणजे जी डावही नाहीत आणि रिव्हर्सलही नाहीत, ती कमी ठेवा. उलटली तर ती मार थांबवत नाहीत, म्हणून प्रत्येकीने आपली जागा कमावलेली हवी. रिकव्हरी मी ठेवतो. ती रिंगसाइडमधली दोन पानं गड्डीत परत पिसायला देते आणि एक ओढू देते. मॅचच्या शेवटी गड्डी चार बोटांवरून एका बोटावर आलेली असताना ती दोन पानं म्हणजे दोन श्वास असतात.

बांधून झालं की साठ मोजा, मग दुसऱ्याकडून मोजून घ्या. फेस (चांगले) आणि हील (खलनायक) अशी दोन्हींकडची पानं एकत्र झालेली नाहीत ना, दुसऱ्या सुपरस्टारचं चिन्ह असलेलं एखादं पान चुकून शिरलं नाही ना, तेही पाहा. त्यानंतर नीट पिसून पहिला हात दहा वेळा वाटून पाहा आणि दरवेळी कागदावर एवढंच लिहा: पहिल्या पाळीला काही टाकता आलं का. दहात तीनदा ‘नाही’ आलं तर जड डावांतले दोन काढून हलके दोन घाला आणि पुन्हा दहा हात वाटा. हे कंटाळवाणं आहे. तरी करा.

शेवटी पानांच्या तब्येतीकडे या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते, पुठ्ठ्याच्या पानाचं काय होत असेल? चमकी असलेली पानं सगळ्यात आधी वळतात. गेल्या वर्षी माझं एक चमकी पान पावसात इतकं वाकलं होतं की पिसलेली गड्डी टेबलावर ठेवल्यावर कडेला नखाएवढी फट दिसायची. ते पान कुठे आहे हे मला आणि समोरच्याला, दोघांनाही कळत होतं. असं पान खेळात ठेवणं बरोबर नाही, म्हणून मी ते काढलं. तुम्ही आजच सगळी पानं स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या खोळीत, घाला, सगळ्या स्लीव्ह एकाच रंगाच्या आणि एकाच पाकिटातल्या. डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. वळलेली पानं आठवडाभर जाड पुस्तकाखाली ठेवून पाहा. इस्त्री किंवा ऊन दाखवू नका. ही पानं आता छापली जात नाहीत, आणि 2002 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई होण्याआधीचं जुनं चिन्ह ज्यांच्यावर आहे, ती तर हरवली तर हरवलीच.

रविवारी सकाळी पिशवीत डबा, सुपरस्टारचं कार्ड वेगळ्या कडक स्लीव्हमध्ये, फॉर्टिट्यूड लिहायला वही-पेन आणि एक सुती रुमाल एवढं असू द्या. पातळ भाजी-पाव आणि मिरची भजी दहाला येतील. ती आतल्या खोलीत खायची आणि हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच बाल्कांवात यायचं. कदंबाच्या बसने येणाऱ्यांनी फोंडा स्टँडवर उतरून फोन करा, मी गाडी घेऊन येतो. पाऊस असला तर डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घाला.