शोधपथकाच्या पाणबुड्यांची (पाण्याखाली उतरणाऱ्या जवानांची) सामग्री एकसारखी करताना: पुण्यासाठी तयारीची यादी

पावसाळ्यापूर्वी अग्निशमन दलाच्या शोधपथकाची सर्व सामग्री जमिनीवर मांडावी आणि पहिला निर्णय ब्रँडचा नव्हे, तर जोडणीचा घ्यावा. काही सिलिंडर डिन व्हॉल्व्हचे आणि काही रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाजोग्या दाबावर आणणारी उपकरणे) चापाने बसणाऱ्या योक पद्धतीचे असले, तर ऐनवेळी दोन्ही असूनही हवा मिळत नाही. त्यामुळे सगळे संच एकाच पद्धतीवर आणावेत. माझी पसंती आट्यांनी घट्ट बसणाऱ्या डिनला आहे. दाबमापकही सगळे बार या एकाच एककात असावेत, म्हणजे काठावर नोंद ठेवणाऱ्याला मनातल्या मनात पीएसआय या दुसऱ्या एककाचे गणित करावे लागणार नाही.

मुळा-मुठेच्या गढूळ पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हातही दिसत नाही, म्हणून प्रत्येक वस्तूची जागा हाताला ठाऊक असली पाहिजे. दाबमापक कोणत्या बाजूला, बीसीडीची (तरंगणे सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जाकिटाची) हवा सोडण्याची दोरी कुठे, बुडण्यासाठी बांधलेली वजने सोडण्याची कळ कोणत्या हाताची, हे सर्वांसाठी एकच ठरवावे. कापण्याची साधने किमान दोन असावीत आणि ती छाती-पोटाच्या पट्ट्यात, दोन्ही हात पोहोचतील अशी लावावीत. पोटरीला बांधलेली सुरी जलपर्णीत किंवा मासेमारीच्या जाळ्यात अडकलेल्या माणसाच्या कामी येईलच असे नाही. दोन साधनांपैकी एक मजबूत कात्री असावी, कारण सैल नायलॉनवर सुरी घसरते. पाणबुड्याला काठाशी जोडणारा दोर बीसीडीच्या कडीला न बांधता खाली घातलेल्या स्वतंत्र हार्नेसला (अंगाभोवतीच्या पट्ट्यांना) बांधावा, म्हणजे बीसीडी उतरवावी लागली तरी तो सुटत नाही.

सर्वाधिक वेळ संपूर्ण चेहरा झाकणाऱ्या फुल फेस मास्कवर द्यावा. नाल्यांचे पाणी मिसळणाऱ्या नदीत उघड्या तोंडाने माउथपीस धरून उतरणे योग्य नाही. पण हा मास्क घातला की सोबत्याचा ऑक्टोपस (श्वासासाठीची जादा नळी) तोंडात घेण्याची नेहमीची सोयही संपते. म्हणून प्रत्येकाजवळ स्वतंत्र फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा दाब कमी करणारा पहिला भाग) लावलेला लहान राखीव सिलिंडर आणि मास्ककडे जाणारी हवा तिकडे वळवणारा स्विचिंग ब्लॉक असावा. राखीव सिलिंडर ३ लिटरचा आणि २०० बारपर्यंत भरलेला असेल, तर त्यात ढोबळमानाने ६०० लिटर हवा मावते. ब्लॉकच्या मुठीची दिशा आणि झटपट जोडणीचे कप्लर संपूर्ण पथकात एकच असावेत. मास्क काढावाच लागला तर उपयोगी पडेल असा साधा मास्क ठरलेल्या खिशात ठेवावा.

अनेक जवानांचा सराव तारकर्लीसारख्या ठिकाणी समुद्रात झालेला असतो. गोड्या पाण्यात तरंगण्याचे बळ कमी मिळते, त्यामुळे सामग्रीसह १०० किलो भरणाऱ्या पाणबुड्याला तेवढ्याच सामग्रीसह बुडण्यासाठी बांधायचे वजन सुमारे अडीच किलो कमी लागते; प्रत्येकाला लागणारे हे वजन खडकवासल्याच्या पाण्यात पुन्हा तपासून नोंदवावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि ३०० मीटरच्या वर साधारणपणे उंचीवरील डायव्हिंगचे नियम लागू होतात. म्हणून पाण्याखालची खोली आणि वेळ मोजणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरची उंचीची सेटिंगही याच वेळी पाहावी.

१५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा पूल कोसळला तेव्हा इंद्रायणीत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासह अनेक यंत्रणा शोध घेत होत्या. काठ आणि पाणबुडा एकमेकांना दोराच्या झटक्यांनी खुणा करतात, पण त्यांचे अर्थ दलागणिक वेगळे असू शकतात, त्यामुळे अग्निशमन दलाने ते याच राष्ट्रीय दलाच्या सुदुंबऱ्याच्या पाचव्या बटालियनशी आणि स्थानिक स्वयंसेवकांशी आधीच जुळवून घ्यावेत.

खरेदीच्या निविदेत केवळ ‘स्कूबा संच’ असे लिहिल्यास दरवर्षी कमी दराचा वेगळाच संच हाती येतो. त्याऐवजी व्हॉल्व्हची पद्धत, होजची (हवेच्या नळीची) लांबी, कप्लरचा प्रकार आणि उपलब्ध सुट्या भागांशी मेळ या अटी नमूद कराव्यात. हवेसाठी ईएन १२०२१ या युरोपीय मानकाचा आधार घ्यावा, ज्यात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ५ पीपीएम (दहा लाख भागांत ५ भाग) आहे. कॉम्प्रेसरचे हवा ओढणारे तोंड गाडीच्या धुरापासून लांब असावे, हे मात्र कोणत्याही मानकाविनाही कळायला हवे. सिलिंडरवर ठोकलेली दाबचाचणीची तारीख तपासावी आणि मुदत संपलेला सिलिंडर भरू नये.

शेवटी धुण्याची व्यवस्था पाहावी: स्वच्छ पाण्याची टाकी, ड्रायसूटला (पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखाला) चालणारे जंतुनाशक आणि वाळवण्यासाठी सावलीची जागा. अशीच सावली मदतीसाठी काठावर सज्ज असणाऱ्या राखीव पाणबुड्यालाही लागते, कारण उन्हाळ्यात ड्रायसूट घालून तासभर काठावर बसलेला जवान पाण्यात उतरण्याआधीच उष्म्याने थकलेला असतो.