बटणांना कीबोर्ड शॉर्टकट देताना या चुका टाळा

दिवसभर बिलं करणाऱ्या माणसाचा हात सारखा माउसकडे जाऊ नये, म्हणून आपण बटणांना शॉर्टकट देतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यासाठी जावास्क्रिप्टच्या मोजक्या ओळी पुरतात, आणि आपल्या मशीनवर त्या चालतातही. मग दुकानातून फोन येतो : कंट्रोल-एस दाबलं की बिल सेव्ह होत नाही, पान सेव्ह करायची ब्राउझरची खिडकी उघडते.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारा, मराठी कीबोर्ड चालू आहे का? इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत एसच्या कळीवर एकाराची मात्रा आहे. त्यामुळे कीडाउन इव्हेंटच्या (कळ दाबल्याची ब्राउझर कोडला देतो ती सूचना) ‘की’मध्ये, म्हणजे उमटणाऱ्या अक्षरात, एस येतच नाही, मात्रा येते. ‘एस’शी केलेली तुलना फसते, प्रिव्हेंटडिफॉल्टपर्यंत (ब्राउझरला त्याचं नेहमीचं काम थांबवायला सांगणारी ओळ) कोड पोचत नाही आणि ब्राउझर आपलं काम करून मोकळा होतो. इव्हेंटच्या ‘कोड’मध्ये मात्र भाषा कोणतीही असली तरी कळीची जागाच मिळते. म्हणून आधी ‘की’ बघा (कॅप्स लॉकसाठी लहान अक्षरात बदलून), तिथे रोमन अक्षर नसेल तरच ‘कोड’ वापरा. फक्त ‘कोड’वर विसंबलं तर फ्रेंच अ‍ॅझर्टीसारख्या, अक्षरांची मांडणी वेगळी असलेल्या कीबोर्डवर अक्षरं चुकतात. ‘इंग्रजी करून मग दाबा’ हे उत्तर कृपया देऊ नका. गिऱ्हाइकाचं नाव मराठीत लिहिणाऱ्याला दर बिलाला भाषा बदलायला लावली, तर शॉर्टकट देऊन मिळवलं काय?

फोनेटिक कीबोर्डवर (रोमन अक्षरांत टाइप करून मराठी शब्द मिळतो तो) एंटरने शब्द निवडला जातो. एंटरवर बिल पाठवत असाल आणि ‘इझकंपोझिंग’ (शब्द अजून जुळतोय का, हे सांगणारी इव्हेंटमधली खूण) तपासलं नाही, तर नाव पुरं व्हायच्या आतच बिल जाऊ शकतं.

कंट्रोल-ऑल्टच्या जोड्या मोकळ्या दिसतात, पण विंडोजमध्ये ऑल्ट-जीआर (जादा चिन्हं उमटवणारी उजवी ऑल्ट कळ) म्हणजे तेच. इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर ₹ हे चिन्ह कंट्रोल-ऑल्ट-४ ने उमटतं. ती जोडी तुम्ही घेतलीत, तर बिलाच्या शेऱ्यात रुपयाचं चिन्ह टाइप होणार नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे शॉर्टकटमधून सेव्हचं फंक्शन थेट बोलावणं. बटण डिसेबल्ड (तात्पुरतं बंद) असतं, तरी शॉर्टकट बिल पाठवून देतो. त्यापेक्षा कोडमधून बटणावरच क्लिक करा. डिसेबल्ड बटण क्लिक घेत नाही. पण एवढ्याने भागत नाही. माउसने बटण दाबताना कर्सर खोक्यातून बाहेर पडतो आणि ‘चेंज’ इव्हेंट (खोक्यातला मजकूर बदलल्याची सूचना) येतो; बेरीज त्यावरच नव्याने होत असेल, तर इथे घोळ होतो. शॉर्टकटने कर्सर तिथेच राहतो. शेवटच्या ओळीत नग ३ चे ५ केले आणि कंट्रोल-एस दाबलं, तर बेरीज ३ नगांचीच जाते. ही चूक हिशेब जुळवताना कळते, म्हणून सगळ्यात वाईट. क्लिकच्या आधी फोकस (कर्सर) खोक्यातून काढून बटणावर न्या. शिवाय कळ दाबून धरली की कीडाउन पुन्हा पुन्हा येतो; इव्हेंटमधलं ‘रिपीट’ खरं असेल तर तो सोडून द्या आणि पहिल्या क्लिकलाच बटण बंद करा, म्हणजे दोन बिलं निघणार नाहीत.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सवय असलेले लोक सेव्हसाठी कंट्रोल-ए मागतात. मागणी रास्त आहे, पण खोक्यातला सगळा मजकूर निवडायलाही तीच जोडी लागते. मी देणार नाही. क्रोमच्या नेहमीच्या टॅबमध्ये कंट्रोल-एन, टी आणि डब्ल्यू तर अडवताच येत नाहीत. एकट्या अक्षराचा शॉर्टकट द्यायचाच असेल, तर तो बंद करायची किंवा बदलायची सोय ठेवा. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे नियम) मधल्या २.१.४ या निकषाचं तेच म्हणणं आहे, कारण बोलून टाइप करणाऱ्यांचा एखादा शब्दही नको ती बटणं दाबून जातो.

बटणाच्या एचटीएमएलमध्ये ‘एरिया-कीशॉर्टकट्स’ लिहिलं म्हणजे शॉर्टकट चालू झाला, असं नाही. ते फक्त स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) माहिती देतं. डोळ्यांनी वाचणाऱ्यांसाठी जोडी बटणावरच, ‘जतन करा’च्या शेजारी बारीक अक्षरात छापा. टूलटिपमध्ये लपवू नका. माउस न वापरणाऱ्याला ती बहुधा दिसतच नाही.