आइसकास्ट २.४.४ वर नेण्याआधी

सर्व्हरवर आइसकास्ट (इंटरनेटवर ऑडिओ प्रक्षेपित करणारा प्रोग्रॅम) २.४.० ते २.४.३ यांपैकी काही चालू असेल, तर आधी एक्सएमएल कॉन्फिग उघडा आणि एखाद्या माउंटला (प्रवाहाच्या पत्त्याला) यूआरएल ऑथेंटिकेशन, म्हणजे श्रोत्याला आत घ्यायचं का हे लॉगिन स्क्रिप्टला विचारणं, लावलंय का ते बघा. त्यात 'हेडर्स' हा पर्यायही भरलेला असेल, तर सीव्हीई-२०१८-१८८२० या क्रमांकाने नोंदवलेली, २.४.४ मध्ये दुरुस्त झालेली सुरक्षा-त्रुटी तुम्हाला थेट लागू आहे. श्रोत्याच्या विनंतीतले हेडर (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी) ४०९६ बाइटच्या बफरमध्ये (ठरावीक आकाराच्या मेमरीत) एकामागून एक जोडले जातात. बफरमध्ये मजकूर लिहिणारं एसएनप्रिंटएफ फंक्शन किती बाइट लिहिले ते परत देतं, अशी इथे समजूत होती. खरं तर जागा पुरली असती तर किती लिहिले असते, तो आकडा ते देतं. त्यामुळे लांबलचक हेडर आला की मजकूर कापला जातो, पण पुढे लिहायची जागा बफरच्या बाहेर सरकते. उरलेल्या जागेची वजाबाकी शून्याखाली जाऊन अवाढव्य संख्या होते आणि पुढचा हेडर बफरबाहेरच्या स्टॅकवर (प्रोग्रॅमच्या चालू कामाच्या मेमरीवर) लिहिला जातो. प्रक्षेपण बंद पडलं तर स्वस्तात सुटलात म्हणायचं, कारण यातून हल्लेखोराचा कोडही चालू शकतो.

डेबियन लिनक्सवर नुसत्या आवृत्तीवरून निष्कर्ष काढू नका. स्ट्रेच या डेबियनच्या जुन्या आवृत्तीत ही दुरुस्ती २.४.२ च्याच पॅकेजात बसवली होती, म्हणून पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीई क्रमांक शोधा. कधी कधी सोर्सवरून बांधलेली जुनी प्रत 'लोकल' फोल्डरमध्ये पडलेली असते आणि सर्व्हिस नेमकी तीच उचलते, म्हणून चालू प्रोसेस कुठल्या फाईलवरून सुरू झालीय ते तपासा. आइसकास्ट कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या बंद डब्यात) चालत असेल तर इमेज नव्याने बांधावी लागेल. होस्टवरचं अपडेट आत पोचत नाही.

आज अपग्रेड जमणार नसेल तर 'हेडर्स'ची ओळ काढून रीस्टार्ट करा. तुमची लॉगिन स्क्रिप्ट त्या हेडरवर अवलंबून असेल तर श्रोते अडकतील, म्हणून ती आधी वाचा. आइसकास्टच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मोठ्या हेडरसाठी त्याचा मूळ बफरच ८ किलोबाइटचा असतो, म्हणजे ४०९६ बाइटांहून लांब हेडर तो आत सोडतो.

कॉन्फिगची प्रत काढून ठेवा. रीस्टार्टमध्ये सगळे श्रोते तुटतात आणि त्याच सर्व्हरवरचा फॉलबॅक माउंट (मुख्य प्रवाह तुटला की वापरायचा पर्यायी प्रवाह) तेव्हा कामाचा नाही, म्हणून कमी गर्दीची वेळ धरा. एन्कोडरमध्ये (सर्व्हरला ऑडिओ पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आपोआप पुन्हा जोडण्याची सेटिंग चालू आहे ना, तेही बघा. नुसतं रीलोड केल्याने जुनाच प्रोग्रॅम मेमरीत राहतो. शेवटी स्टेटसच्या जेसन पानावर सर्व्हर आयडीपुढे २.४.४ दिसतंय का ते पाहा, आणि एका श्रोत्याच्या खात्याने लॉगिन करून प्रवाह ऐकून बघा.