रातकिडा म्हणून फवारू नका, आधी टॉर्च घेऊन बघा

ज्वारी पेरायची गडबड चालूय, कांद्याचे गादीवाफे पण पडायला लागलेत, आणि दरवर्षीप्रमाणं फोन सुरू झालेत की ओ, रातकिड्यानं रोपं कापली काय मारू. आता रातकिडा म्हणजे नक्की कोण ते आधी ठरवा, कारण आपल्याकडं रात्री ओरडणारं सगळंच रातकिडा.

मिशा बघा. अंगापेक्षा लांब, दोऱ्यासारख्या असल्या तर बहुधा रातकिडा, आखूड असल्या तर बहुधा नाकतोडा किंवा टोळ. काळा, चकचकीत, पंखाच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके असलेला सापडला तर तो ग्रायलस बायमॅक्युलॅटस, बायमॅक्युलॅटस म्हणजेच दोन ठिपकेवाला, १७७३ साली डी गीर नावाच्या स्वीडनच्या माणसानं ठेवलेलं नाव. हा दिवसभर ढेकळाखाली, भेगेत, पालापाचोळ्यात लपतो, म्हणून दुपारी फवारलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही, पैसे मातीत.

दुसरा त्याचा चुलत भाऊ, पुढचे पाय फावड्यासारखे, मातीत बोगदे करत जातो आणि रोप मुळासकट उचलून ठेवतो. याला जुन्या पुस्तकात ग्रायलोटाल्पा आफ्रिकाना लिहिलेलं दिसेल, पण आशियातल्या बऱ्याच किड्यांवर हे नाव चुकून चिकटलं होतं, आता ओरिएंटॅलिस म्हणतात. नाव बदललं म्हणून नवी कीड आली असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, आणि त्या नावानं महागडी बाटली तर अजिबात घेऊ नका.

ठिबकच्या नळीजवळ, ओल्या वाफ्यात माती रेघेसारखी फुगलेली दिसली की तिथं साबणाचं पाणी ओता, थोड्या वेळात गडी वर येतो, पकडा. ठिपकेवाल्यासाठी कडेला ओल्या पोत्याखाली गव्हाचा कोंडा आणि थोडा गूळ ठेवा, सकाळी उचलून गोळा करा, कोंबड्या असतील तर त्यांची दिवाळीच. बांधावरचं गवत, धसकटं पण काढा, तिथंच त्यांचा मुक्काम.

आणि हो, रोप जमिनीलगत कापलंय पण ना बोगदा ना रातकिडा, तर बुडाची माती दोन बोटं उकरा, करड्या रंगाची अळी हात लावला की गुंडाळी होते, ती असेल तर हे वरचं काहीच करू नका, तिचा इलाज वेगळा.