क्रीडाबातमीचा मथळा कसा वाचावा

वृत्तपत्रातील बातमीचा मथळा सहसा बातमीदार देत नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. बातमीदार मैदानावरून किंवा मुलाखतीतून मजकूर पाठवतो आणि कार्यालयातील उपसंपादक त्याला मथळा देतो. संकेतस्थळ असेल तर बातमी किती जणांनी उघडली याचे आकडेही त्याच्या नजरेसमोर असतात. मथळा आणि मजकूर यांमागे अशी दोन माणसे आणि दोन वेगळी उद्दिष्टे असल्यामुळे, केवळ मथळा वाचून खेळाडूला बोल लावणे अन्यायाचे ठरते.

हा अन्याय कसा घडतो, ते नीरज चोप्राच्या बाबतीत स्पष्ट दिसले. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर एका मुलाखतीत त्याने सहज सांगितले, की अंतिम फेरीच्या सुरुवातीला त्याला आपला भाला सापडत नव्हता, तो पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या हातात दिसला, मागताच त्याने तो परत दिला आणि या गडबडीत आपली पहिली फेक घाईने झाली. या कथनातील ‘मागताच परत दिला’ हा भाग मागे पडला, ‘नदीमच्या हातात भाला’ एवढाच पुढे आला, आणि भाल्यात काही फेरफार करण्याचा डाव होता की काय, असा संशय समाजमाध्यमांवर पसरला. अखेर २६ ऑगस्टला नीरजला चित्रफीत प्रसिद्ध करावी लागली. स्पर्धेच्या जागी ठेवलेला कोणाचाही भाला कोणीही वापरू शकतो, नियमात तसे आहे आणि नदीम त्या भाल्याने आपल्या फेकीची तयारी करत होता, असे त्याने सांगितले. आपल्या बोलण्याचा वापर कोणी स्वतःच्या स्वार्थासाठी करू नये, अशी विनंतीही त्याने केली.

अशी बातमी समोर आली की तीन गोष्टी पाहाव्यात. खेळाडूला प्रश्न काय विचारला होता, हे पहिले; नीरज पहिल्या फेकीच्या घाईचे कारण सांगत होता, कोणावर आरोप करत नव्हता. दुसरे म्हणजे मथळ्यातील क्रियापद तपासावे, कारण ‘घेतला’, ‘नेला’ आणि ‘पळवला’ या तिन्ही शब्दांनी वर्णन केलेली कृती एकच असली तरी वाचकाच्या मनात उमटणारे चित्र प्रत्येक वेळी वेगळे असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: त्या खेळाचा नियम काय म्हणतो? क्रिकेटचे नियम आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतात, पण भालाफेक, कुस्ती किंवा नेमबाजीचे नसतात, आणि नेमक्या त्याच जागी संशयाला वाव मिळतो. सवय लावायची असेल तर एक साधा उपाय करून पाहावा. मथळा झाकून मजकूर वाचावा, स्वतः त्याला मथळा द्यावा आणि मग छापलेला मथळा उघडून दोन्हींची तुलना करावी. आठवडाभर हे केले तरी नजर बदलते.

मराठी संकेतस्थळांवरील काही शब्दप्रयोगांचे वजनही ओळखता आले पाहिजे. ‘“या” खेळाडूला मिळणार नारळ’ अशा मथळ्यात नाव मुद्दाम झाकलेले असते, तेव्हा तो माहिती देण्यासाठी लिहिलेला नाही असे खुशाल समजावे. ‘पत्ता कट?’ मधील प्रश्नचिन्ह बहुधा एवढेच सांगते, की निवड समितीने अद्याप काहीही जाहीर केलेले नाही. अवतरणचिन्हांतील शब्द खेळाडूच्या तोंडी मजकुरात तसेच सापडले नाहीत, तर ते मथळा देणाऱ्याचे मानावेत. ‘नेटकरी संतापले’ असे लिहिले असेल, तर खाली किती जणांच्या प्रतिक्रिया दिल्या आहेत ते मोजावे. पुष्कळदा त्या तीन-चारच निघतात.

एकच बातमी दहा ठिकाणी दिसली म्हणजे दहा पुरावे मिळाले, असे होत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी झिम्बाब्वेचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक याच्या निधनाचे वृत्त जगभर पसरले, आणि त्याचा संघातील जुना सहकारी असलेल्या ज्या हेन्री ओलोंगाने आधी शोक व्यक्त केला होता त्यालाच काही तासांत स्ट्रीक जिवंत असल्याचे कळवावे लागले. कर्करोगाशी झुंजणाऱ्या स्ट्रीकचे निधन ३ सप्टेंबरला झाले. निधनाच्या वृत्ताला कुटुंबाने किंवा क्रिकेट मंडळाने दुजोरा दिला आहे का, एवढे पाहून मगच श्रद्धांजली वाहावी.

आपल्याला सुखावणारे मथळेही याच कसोटीवर घासून पाहावेत, कारण तिथे आपण जवळजवळ कधीच तपासणी करत नाही. नीरजच्या सुवर्णपदकानंतर तो पानिपतच्या लढाईनंतर तिथेच राहिलेल्या मराठ्यांचा वंशज असल्याचे मराठी माध्यमांत अभिमानाने सांगितले गेले. नीरज ज्या समाजातला आहे त्या हरियाणातील रोड समाजात अशी श्रद्धा आहे आणि ती आदराने नोंदवण्याजोगी आहे. परंतु श्रद्धा आणि सिद्ध झालेला इतिहास यांत अंतर असते, आणि मथळ्यात ते अंतर बहुधा उरत नाही.

विधान केव्हाचे आहे, हेही पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला नदीमने ९२.९७ मीटर फेकीसह सुवर्ण आणि नीरजने ८९.४५ मीटर फेकीसह रौप्यपदक मिळवले, तेव्हा सुवर्ण जिंकणाराही आमचाच मुलगा आहे, असे नीरजच्या आई म्हणाल्या आणि त्यांचे सर्वत्र कौतुक झाले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाल्यावर, बंगळुरूतील स्पर्धेसाठी नीरजने नदीमला बोलावले होते यावरून गदारोळ उठला. निमंत्रण हल्ल्याच्या आधीच गेले होते. तरीही चोप्रा कुटुंबाला शिवीगाळ झाली, आणि आईच्या ज्या वाक्याची वाहवा झाली होती त्याच वाक्यावरून आता तीच माणसे तिला लक्ष्य करत आहेत, अशी व्यथा नीरजला जाहीरपणे मांडावी लागली. आपण संतापून लिहिलेली ओळ पुढच्या बातमीचा कच्चा माल होते आणि तिचा त्रास मैदानात कधीही न उतरलेल्या माणसांपर्यंत जातो, हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत वेदनादायक सत्य वाटते. म्हणून मूळ मुलाखत पाहिल्याशिवाय प्रतिक्रिया लिहू नये, आणि खेळाडूच्या घरच्यांविषयी तर मुळीच लिहू नये.

मथळा खरोखरच दिशाभूल करणारा असेल, तर खाली राग काढण्याऐवजी संपादकांना पत्र लिहावे. पानाचे छायाचित्र आधी जपून ठेवावे, कारण संकेतस्थळावरील मथळा गाजावाजा न करता बदलता येतो. पत्रात प्रसिद्धीची तारीख, मथळा आणि त्याला छेद देणारे मजकुरातील वाक्य एवढेच द्यावे. मथळे भडक नसावेत आणि ते खालच्या मजकुराला धरून असावेत, असे भारतीय प्रेस परिषदेच्या आचारसंहितेत म्हटले आहे. वृत्तपत्राने दाद दिली नाही तर परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद दंड करू शकत नाही, मात्र ताशेरे ओढू शकते. दुरुस्ती प्रसिद्ध झाली, तर मूळ बातमी आपण ज्या ज्या गटांत पाठवली होती, त्या प्रत्येक गटात तीही पाठवावी.