जुनी हार्डडिस्क नीट पुसायची कशी आणि मग तिच्यावर बॅकअप लावायचा कसा

तीन वर्षांपूर्वी भाच्याला कॉलेजसाठी माझी जुनी १ टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क दिली. देण्याआधी राइट क्लिक केलं, फॉरमॅट दाबलं, दहा सेकंदात झालं, डिस्क रिकामी दिसली, विषय संपला. दोन दिवसांनी त्याचा फोन, "मामा, तुझा फॉर्म १६ बघितला, एवढ्या पगारावर एवढी ऐट?" पोरानं फोटोरेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून रात्रभर चालवलं होतं आणि माझे फोटो, पॅनकार्डचं स्कॅन, घराच्या कर्जाचे कागद सगळं बाहेर काढलं होतं. नशीब भाचाच होता. डिस्क परत मागवली, नीट पुसली, मग पुन्हा दिली, आणि त्या नादात जे शिकलो ते इथे लिहितोय कारण दर महिन्याला कोणी ना कोणी हेच विचारतं.

आधी हे समजून घ्या की क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही. कुठली फाइल कुठे ठेवलीय ती नोंद फक्त कोरी होते. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून वावरातलं उभं पीक गायब होत नाही ना, तसंच. नवीन डेटा त्या जागेवर लिहिला जाईपर्यंत जुना तिथेच पडून असतो. डिलीट आणि शिफ्ट-डिलीटचीही तीच गत.

आता पुसायला घेण्याआधी डिस्कवरचं हवं ते दुसरीकडे काढून घ्या, आणि इथे कॉपी करा, कट-पेस्ट अजिबात नको, मध्येच वायर हलली तर काय इकडे राहिलं आणि काय तिकडे गेलं ते शोधत बसाल. कॉपी झाली की दोन्ही फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींचा आकडा आणि साइज जुळतेय का बघा, आणि नुसत्या आकड्यावर न जाता अधलेमधले पाचदहा फोटो, एखादा लांब व्हिडिओ शेवटपर्यंत उघडून बघा. ज्यांनी आयुष्यभर श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये मराठी टाइप केलंय त्यांनी त्या फाइलींबरोबर फॉन्टपण कॉपी करून ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी आजोबांची वंशावळ उघडाल आणि समोर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. माझं असं झालंय, सांगून ठेवतो.

आता पुसणं. विंडोजमध्ये सोपा रस्ता म्हणजे ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि तिथे क्विक फॉरमॅटसमोरची टिक काढून टाकायची. एवढंच. व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट अख्ख्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) शून्य लिहितो, त्यामुळे ही एक टिक काढली की बहुतेकांचं काम झालं. पण डिस्कवर दोनतीन पार्टिशन असतील, लपवलेलं काही असेल, किंवा ती टीव्ही रेकॉर्डरला नाहीतर डीव्हीआरला लावलेली असेल तर मी विंडोजमध्येच असलेलं, कमांड टाइप करून चालवायचं डिस्कपार्ट वापरतो.

स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, डिस्कपार्ट टाइप करून एंटर. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच इंग्रजीत टाका.) मग लिस्ट डिस्क. समोर डिस्क ०, डिस्क १, डिस्क २ अशी यादी आणि प्रत्येकीची साइज येते. १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते, घाबरू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. आता सिलेक्ट डिस्क आणि आपला नंबर, समजा २. मग पुन्हा लिस्ट डिस्क, आणि चांदणी (*) आपल्याच डिस्कसमोर आलीय का ते डोळे उघडे ठेवून बघा. कारण पुढची कमांड आहे क्लीन ऑल, आणि तिला "नक्की ना?" विचारायची सवय नाही. एंटर दाबलं की सुरू. माझ्या ओळखीतल्या एकाने घाईत चुकीच्या नंबरवर हे केलं आणि लग्नाच्या अल्बमचा एकुलता एक सेट घालवला. म्हणून माझा नियम असा की हे करताना बाकी सगळ्या पेनड्राइव्ह, डिस्क, मेमरी कार्ड काढून टाकायचं आणि मगच यादी बघायची.

क्लीन ऑल चालू असताना स्क्रीनवर काहीच हलत नाही, टक्केवारी नाही, काही नाही, नुसता कर्सर लुकलुकतो. हँग झालं समजून बंद करू नका. हिशोब सोपा आहे, सेकंदाला १०० एमबी लिहिलं तरी १ टीबीला पावणेतीन तास लागतात, आणि डिस्क काळ्या रंगाच्या जुन्या यूएसबी २ पोर्टला लावली असेल तर आठनऊ तास गेलेच, निळा पोर्ट असेल तर तोच वापरा. लॅपटॉप चार्जरला लावा, स्लीप बंद करा, रात्री जेवण झाल्यावर सुरू करून झोपा. डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे लाइट येऊनजाऊन असेल तर यूपीएसशिवाय या भानगडीत पडू नका.

शून्य एकदा लिहिली की बास. काही लोक अजून ३५ वेळा पुसायला सांगतात, ते खूळ १९९६ च्या पीटर गटमनच्या पेपरमधून आलंय, आणि तो होता त्या काळातल्या वेगवेगळ्या जुन्या डिस्कसाठी, आताच्या डिस्कला त्याची गरज नाही हे त्याने स्वतःच नंतर लिहिलंय.

पण हे सगळं आतमध्ये तबकडी फिरणाऱ्या डिस्कबद्दल. एक्स्टर्नल एसएसडी किंवा पेनड्राइव्ह असेल तर आतला कंट्रोलर झीज सारखी व्हावी म्हणून डेटा इकडेतिकडे फिरवत असतो, तुम्ही एका जागी शून्य लिहिताय असं वाटतं आणि जुनी प्रत दुसऱ्याच कोपऱ्यात राहू शकते. तिथे कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये सिक्युअर इरेज असेल तर ते वापरा. आणि खरा उपाय पहिल्या दिवसाचा आहे, एसएसडी घेतल्या घेतल्या पासवर्ड लावून एन्क्रिप्ट करायची (म्हणजे पासवर्डशिवाय डेटा वाचताच येणार नाही असा करायचा), म्हणजे पुढे विकताना फॉरमॅट केली तरी मागे राहील तो नुसता भुसा.

डिस्क मेलेली असेल, लागतच नसेल, तर ड्रिल मशीनने तबकडीला आरपार भोकं पाडा. लहान २.५ इंची डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, फुटून उडतात, चष्मा घाला. मग ई-कचऱ्यात.

क्लीन ऑलने पुसून झाली की विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा, ते इनिशियलाइज विचारेल, जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) निवडा, मग न्यू सिंपल व्हॉल्यूम. घरात फक्त विंडोज असेल तर फॉरमॅट एनटीएफएस, मॅकलापण लावायची असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एफएटी३२ नको, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, बारशाचा व्हिडिओ तिथेच अडकतो. आणि हीच जुनी डिस्क बॅकअपला वापरणार असाल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून तिची तब्येत बघा. निळ्या रंगात गुड असेल तर ठीक, पिवळं कॉशन दिसलं तर तिच्यावर सिनेमे ठेवा, आईवडिलांचे फोटो ठेवू नका.

आता बॅकअप. आणि इथे आपल्याकडे एक घोळ पिढ्यानपिढ्या चालू आहे. दुकानदार असेंबल्ड पीसी देताना एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देतो आणि सांगतो "महत्त्वाचं डी ला ठेवा, सेफ राहतं." विंडोज परत टाकायला ते बरं पडतं, मान्य, पण डिस्क गेली की सी आणि डी दोघं एकाच गाडीने जातात. दुसरा प्रकार म्हणजे लॅपटॉप भरला की फोटो एक्स्टर्नलवर हलवायचे, लॅपटॉपवरून काढून टाकायचे आणि म्हणायचं बॅकअप घेतला. अहो, बॅकअप कुठे झाला? प्रत एकच आहे, फक्त घर बदललं. एकच वस्तू दोन ठिकाणी असेल तेव्हाच तिला बॅकअप म्हणायचं.

विंडोजमध्ये फुकटात आलेली फाइल हिस्टरी पुरे आहे. कंट्रोल पॅनल, सिस्टिम अँड सिक्युरिटी, फाइल हिस्टरी, डिस्क लावलेली असताना टर्न ऑन. डिस्क जोडलेली असेल तोवर ती दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते आणि जुन्या आवृत्त्यापण ठेवते, म्हणजे एक्सेलचा हिशोब मंगळवारी बिघडवला आणि शुक्रवारी कळलं तरी सोमवारचा परत मिळतो. गोम अशी की ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असले ठरलेले फोल्डरच घेते, डी ड्राइव्हवरचा तुमचा "सर्व फोटो नवीन २" नावाचा फोल्डर ती बघतसुद्धा नाही. त्यासाठी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून इन्क्लूड इन लायब्ररी करावं लागतं, विंडोज ११ मध्ये हे शो मोअर ऑप्शन्सच्या आत दडवलंय. हे नव्वद टक्के लोक विसरतात, निदान माझ्या घरातले तरी.

मॅकवाल्यांना फार सांगायला नको, टाइम मशीन, डिस्क लावा, हो म्हणा, दर तासाला आपोआप. डिस्क मॅकच्या दुप्पट साइजची घ्या म्हणजे झालं.

गूगल ड्राइव्ह आहे की, असं कोणीतरी म्हणणारच. १५ जीबीत जीमेल, फोटो आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपपण, किती पुरणार. आणि दुसरं म्हणजे ते सिंक आहे, इथे फोल्डर डिलीट केला की तिथूनही जातो, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो, मग राम राम. आधार, दहावीची मार्कशीट, घराचे कागद एवढ्यापुरतं ठेवा, वाईट नाही.

डिस्क कायम लावून ठेवू नका. फाइल हिस्टरीला लावलेली बरी वाटते हे खरं, पण २०१७ च्या वॉनाक्रायसारखा रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस) आला तर तो लावलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतो, आणि वीज पडली तर दोन्ही एकदम. मी रविवारी सकाळी चहा पिताना लावतो, दोन तास ठेवतो, सेफली रिमूव्ह करून कपाटात.

आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल बॅकअपमधून खरंच परत काढून बघा. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स, तिथून जुनी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरला रिस्टोर करा, उघडा. मी एकदा आठ महिने निवांत होतो आणि बघितलं तर फाइल हिस्टरी मार्चपासून बंदच पडली होती, कारण मी डिस्क दुसरीच लावत होतो.

राहता राहिली घराबाहेरची प्रत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला घराघरांत पाणी शिरलं, तिथे कॉम्प्युटर आणि कपाटातली डिस्क दोन्ही एकाच पाण्यात. म्हणून जगभर तीन-दोन-एक म्हणतात, तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी बाहेरची प्रत ताईकडे असते. तशाच साइजच्या दोन डिस्क घेतल्यात, रक्षाबंधनाला एक देतो, भाऊबीजेला ती परत आणून दुसरी देतो, वर्षातून दोनदा तरी नक्की बदलते, बाकी वेळी येणंजाणं होईल तसं. दोन्ही बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या पासवर्डवाल्या कुलपाने, बंद केल्यात (विंडोज होममध्ये बिटलॉकर लावता येत नाही, त्यांनी फुकटचं व्हेराक्रिप्ट घ्या) आणि ४८ आकडी रिकव्हरी की डिस्कवर न ठेवता बायकोच्या डायरीत लिहिलीय, तिला कशाची आहे ते सांगून. ताईच्या घरी ठेवायची म्हटल्यावर पासवर्ड लागणारच होता, भाचा आता थर्ड इयरला आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला.